फिरून त्याच उंबरठ्यावर

बेंगळुरू शहर मागे टाकून कोलारच्या किंवा मंड्याच्या वाटेला लागावे आणि एखाद्या शेतकऱ्याशी जमिनीच्या कागदपत्रांविषयी बोलणे काढावे, म्हणजे कन्नड बोलण्यातून एक ओळखीचा शब्द आपल्या मराठी कानावर पडतो. तो शब्द म्हणजे ‘पहाणी’. आपण ज्याला सात-बाराचा उतारा म्हणतो, त्याच्याच जातीच्या कागदाला तिकडे पहाणी म्हणतात. ज्या शहरात शहाजीराजांनी आपल्या जहागिरीचे ठाणे मांडले, त्याच्या परिसरात आपल्या ‘पाहणी’चे हे भावंड नांदावे यात फारसे नवल नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. खातेदार कोण, पीक कोणते, पाणी विहिरीचे, कालव्याचे की पावसाचे, हे त्या कागदात साल-दरसाल नोंदवले जाते. जमिनीकडे दरवर्षी पाहण्याची ही रीत जुनी आहे, कारण जमीन महसूल देते. पण ज्या घरातील माणसे ती जमीन कसतात, किंवा दुसऱ्याच्या जमिनीवर मोलमजुरी करतात, त्या घराचे गेल्या साली काय झाले आणि यंदा काय झाले, हे कोणत्या दप्तरात सापडावे?

श्रोतेहो, आज ज्या संशोधनपद्धतीचा इतिहास मी आपणांस सांगणार आहे, ती ह्या उणिवेतून जन्मास आली. ह्या पद्धतीत संशोधक एकदा निवडलेल्या कुटुंबांकडे ठराविक काळाने पुनःपुन्हा जातो आणि तेच प्रश्न त्याच घरी विचारतो. इंग्रजीत अशा कायम ठेवलेल्या नमुन्यास ‘पॅनेल’ म्हणतात. आपण तिला कुटुंबांची आवर्ती पाहणी म्हणू.

घरे मोजणे आपणांस नवे नाही. मराठेशाहीच्या दप्तरांतून ‘खानेसुमारी’ हा शब्द आढळतो, आणि त्याचा अर्थच मुळी घरांची मोजदाद असा आहे. इंग्रजी अमलात १८७२ साली देशभरची पहिली जनगणना झाली, आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. मूठभर घरे शास्त्रशुद्ध रीतीने निवडून साऱ्या देशाच्या राहणीमानाचा अंदाज बांधण्याची ती विद्या जगाने वाखाणली. परंतु जनगणना काय किंवा नमुना पाहणी काय, दोहोंचे स्वरूप छायाचित्रासारखे असते. दर खेपेस घरे नवी आणि चित्रही नवे. दोन चित्रे शेजारी ठेवून देशातील दारिद्र्य वाढले की घटले, हे सांगता येते. पण पहिल्या चित्रातील दरिद्री माणूस दुसऱ्या चित्राच्या वेळी कोठे होता, हे सांगता येत नाही.

एखाद्या विहिरीची पातळी सकाळी पाहावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावी. ती तितकीच भरली, तर पाहणारा म्हणेल की पाणी हलले नाही. परंतु मधल्या काळात मोट चालून गेलेली असेल आणि झऱ्यांनी ती विहीर पुन्हा भरलेली असेल. समाजातील दारिद्र्याचेही तसेच आहे. शंभरांपैकी चाळीस घरे गेल्या वर्षी गरीब होती आणि यंदाही चाळीसच आहेत, एवढ्यावरून ती तीच चाळीस आहेत असे ठरत नाही. आणि ती तीच आहेत की निराळी, ह्यावर सरकारने कोणता उपाय योजावा हे अवलंबून असते. पिढ्यान्‌पिढ्या तळाशी असलेल्या घराला जमीन, शिक्षण किंवा कायमचे काम हवे असते. एका दुष्काळाने वा एका आजारपणाने खाली आलेल्या घराला वेळेवर मिळालेला आधार पुरतो. दोघांना एकच औषध देणारा वैद्य चतुर म्हणता येणार नाही.

ह्या विचाराची पूर्वतयारी महाराष्ट्रातच झालेली दिसते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाची घरोघर चौकशी करून तिचा वृत्तान्त १९१७ साली प्रसिद्ध केला. गावातील सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचा जमाखर्च जमिनीच्या आणि बाहेरच्या मिळकतीतूनही जुळत नव्हता, असे त्यांस आढळले. १९२१ साली नारायण कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुकचाही असाच अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्याच्या शेतीची आणि पुणे शहराच्या अर्थजीवनाची पाहणी केली. पुण्याची फेरपाहणी नी. वि. सोवनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी करून ती १९५६ साली प्रकाशित केली. एकदा पाहिले म्हणजे कळले असे नव्हे, परत जाऊन पाहिले पाहिजे, ही जाणीव ह्या मंडळींच्या कामात स्पष्ट दिसते.

हीच जाणीव बेंगळुरूच्या आसमंतातही दिसून येते. बेंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना मंड्या लागते. कृष्णराजसागराच्या विश्वेश्वरय्या कालव्याने ह्या भागाचे रूप पालटले. स्कार्लेट एपस्टाइन नावाच्या संशोधक बाईंनी १९५४ ते १९५६ ह्या काळात तेथील दोन गावांत राहून अभ्यास केला. त्यांना त्यांनी वांगला व डालेना अशी टोपणनावे दिली. वांगलाच्या शेतांत कालव्याचे पाणी आले, ऊस आला, पैसा आला. पण मालक आणि वंशपरंपरागत मजूर यांचे जुने नाते बहुतांशी तसेच टिकले. डालेनाची जमीन उंचावर राहिल्याने कोरडीच राहिली. तेथील माणसांना उपजीविकेसाठी मंड्याच्या बाजारात, कारखान्यात आणि कचेऱ्यांत जावे लागले, आणि त्यामुळे त्या कोरड्या गावाचीच समाजरचना अधिक ढवळून निघाली. १९७० मध्ये एपस्टाइन त्याच गावांत पुन्हा गेल्या. तेव्हा त्यांना संपन्न व निर्धन यांच्यातील अंतर वाढलेले आढळले. केवळ पहिल्या भेटीवर त्या थांबल्या असत्या, तर हा उत्तरार्ध अंधारातच राहिला असता.

त्याच म्हैसूर प्रदेशातील आणखी एक उदाहरण स्मरते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली ज्या गावी राहून अभ्यास केला, त्यास त्यांनी रामपुरा असे नाव दिले होते. १९७० च्या एप्रिलमध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे असताना तेथील इमारतीस आग लावण्यात आली, आणि त्या टिपणांवर वर्षानुवर्षे संस्कार करून तयार केलेल्या तिन्ही प्रती भस्मसात झाल्या. तेव्हा त्यांनी स्मृतीवर विसंबून ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हा ग्रंथ लिहिला. तो १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि मान्यता पावला. दरम्यान १९७२ मध्ये विख्यात अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी बेंगळुरूस सामाजिक व आर्थिक परिवर्तनाच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली होती, आणि श्रीनिवास तेथे त्यांचे सहकारी झाले होते. संस्थेच्या नावातच ‘परिवर्तन’ हा शब्द आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

माणसांचे स्वभाव, गावची भांडणे, सणवार हे स्मृतीतून उभे करता येते. कोणत्या महिन्यात किती दिवस मजुरी मिळाली, सावकाराकडून किती रुपये उचलले आणि जोंधळा किती पायली शिल्लक राहिला, हे मात्र स्मृतीला सांभाळता येत नाही. वर्षाच्या शेवटी शेतकऱ्याला विचारले तर तो प्रामाणिकपणेच चुकीचे उत्तर देतो. म्हणून घराच्या अर्थकारणाचा माग काढायचा तर वारंवार जावे लागते, आणि ताजे असतानाच लिहून घ्यावे लागते.

अमेरिकेत १९६८ साली मिशिगन विद्यापीठाने सुमारे ४,८०० कुटुंबे निवडून अशी दीर्घ पाहणी आरंभिली. त्या घरांतून वेगळी निघालेली मुले-मुलीसुद्धा तिने आपल्या यादीत ठेवली. योगायोग असा, की त्याच सुमारास आपल्या देशातही तसा प्रयत्न झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने १९६८-६९ ते १९७०-७१ अशी सलग तीन वर्षे ग्रामीण कुटुंबांची पाहणी केली. तिन्ही वर्षे ज्यांची माहिती मिळाली, अशी सुमारे चार हजार कुटुंबे होती. ह्या आकडेवारीचे पुढे विश्लेषण झाले, तेव्हा असे दिसले की शंभरांपैकी सुमारे ३३ कुटुंबे तिन्ही वर्षे गरीब होती, ३० एकदाही गरीब नव्हती, आणि उरलेली जवळजवळ ३७ कधी रेषेखाली तर कधी रेषेवर होती. म्हणजे सर्वांत मोठा गट येणाऱ्या-जाणाऱ्यांचा होता. आणि नेमका हाच गट छायाचित्रात उमटत नाही.

तीन वर्षांचा हा अनुभव अधिक लांबवला तर काय दिसेल, ह्याचे उत्तर सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतील गावांनी दिले. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली कोरडवाहू शेतीसाठी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. नव्या वाणांचा उपयोग शेतकऱ्याला का होत नाही, हे जाणण्यासाठी त्याच्या घरात डोकावणे आवश्यक आहे, असे तेथील अर्थशास्त्रज्ञांच्या ध्यानी आले. १९७५ मध्ये त्यांनी सहा गावे निवडली. तेव्हाच्या आंध्रातील महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली व डोकूर, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, आणि अकोला जिल्ह्यातील कांझरा व किनखेडा. म्हणजे सहापैकी चार गावे आपली. सोलापूरकडे काळ्या भारी जमिनीतील रब्बीची ज्वारी, अकोल्याकडे कापूस, महबूबनगरला तांबडी माती. प्रत्येक गावात ४० घरे घेण्यात आली. दहा भूमिहीन मजुरांची, आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची दहा-दहा. अन्वेषक म्हणून नेमलेला तरुण गावातच मुक्काम करी आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन पेरणी, मजुरी, खर्च, देणेघेणे लिहून घेई. असे हे काम सलग दहा वर्षे चालले, आणि खंडानंतर २००१ च्या सुमारास पुन्हा सुरू झाले.

ह्या नोंदींवर जगभरच्या अभ्यासकांनी काम केले. राघव गैहा आणि अनिल देवळालीकर यांनी १९७५-७६ ते १९८३-८४ ह्या नऊ वर्षांचा हिशेब मांडला. शंभरांपैकी सुमारे २२ कुटुंबे नवही वर्षे गरीब होती. एकाही वर्षी गरीब नव्हती अशी कुटुंबे सुमारे १२ निघाली. उरलेली ६६, म्हणजे दर तीन घरांपैकी दोन, ह्या नऊ वर्षांत दारिद्र्याच्या आत-बाहेर करीत राहिली. गरीब हा एक ठराविक वर्ग आहे आणि आपण त्यात नाही, असे ज्यांना वाटते, त्यांनी हे आकडे सावकाश वाचावेत. कोरडवाहू गावातील बहुतेक प्रत्येक घराने कधी ना कधी तो उंबरा ओलांडलेला असतो.

मग अशा अस्थिर जीवनात माणसे तग कशी धरतात? रॉबर्ट टाउन्सेंड यांनी १९९४ मध्ये औरेपल्ली, शिरापूर व कांझरा येथील नोंदी तपासून दाखवले की एखाद्या घराचे उत्पन्न जितके कोसळते, तितके त्याचे खाणेपिणे कोसळत नाही. ते पुष्कळसे गावाच्या सरासरीबरोबर चालते. उसनवारी, हातउसने धान्य, साठवण, भाऊबंदांची मदत ह्यांचे ते फळ होय. रोझेनझ्वाइग आणि स्टार्क ह्या दोन अभ्यासकांनी १९८९ मध्ये आपल्या सोयरिकींकडे ह्याच दृष्टीने पाहिले. मुलगी दूरच्या गावी दिली, की इकडचा पाऊस हुकला तरी तिकडचा हुकतोच असे नाही. अडचणीला व्याही उपयोगी पडतो. ज्या घरांचे उत्पन्न अधिक हेलकावे खाते, ती घरे सोयरीक अधिक दूर जोडताना त्यांस दिसली. आपल्या आजीला हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण आजीचे शहाणपण आणि नऊ वर्षांची नोंद यांत फरक आहे. शहाणपणाने घर सावरते. नोंदीने धोरण बदलता येते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेची कामे ज्या गावांच्या आवाक्यात होती, तेथील भूमिहीनांच्या उत्पन्नातील चढउतार त्या सोयीविना असलेल्या गावांपेक्षा पुष्कळ कमी होते, हेही ह्याच वह्यांतून सिद्ध झाले. दुष्काळी काम ही केवळ दया नसून घर कोसळू न देणारा टेकू आहे, हे त्यामुळे आकड्यांनी सांगता आले.

आता पुन्हा बेंगळुरूकडे वळू, कारण ह्या कथेचा अलीकडचा आणि सर्वांत कठीण अध्याय तेथे लिहिला गेला. मार्च १९२० नव्हे, मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देश बंद झाला. दारोदार जाणे अशक्य झाले. तेव्हा बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाने अनेक स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने बारा राज्यांतील सुमारे पाच हजार श्रमिकांशी दूरध्वनीवरून संपर्क साधला, आणि शरद ऋतूत त्यांनाच पुन्हा विचारले. दुसऱ्या खेपेस सुमारे २,८०० जणच लागू शकले. पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, ह्याच विद्यापीठाने आपला श्रमस्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी मुंबईच्या एका संस्थेने, सीएमआयईने, २०१४ पासून वर्षातून तीनदा चालवलेल्या मोठ्या आवर्ती पाहणीचा आधार घेतला होता. कामावर असलेल्या पुरुषांपैकी ६१ टक्के त्या काळात कामावर टिकून राहिले, आणि ७ टक्क्यांचे काम गेले ते परत मिळाले नाही. स्त्रियांमध्ये टिकून राहिल्या केवळ १९ टक्के, आणि ४७ टक्के स्त्रियांचे गेलेले काम वर्षअखेरपर्यंत परत आले नाही.

ह्या आकड्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. वर्षाच्या शेवटी देशातील एकूण रोजगार बऱ्याच अंशी पूर्ववत झालेला दिसत होता. विहिरीची पातळी जवळजवळ पहिल्याइतकी आली होती. परंतु त्याच बाईला फिरून विचारले, म्हणून कळले की ती परतलेली नाही. एकाच घरी दोनदा गेल्यावाचून हे दुःख कोणत्याही कोष्टकात उमटले नसते.

तथापि ह्या पद्धतीची स्तुती करताना तिचे वर्म झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते वर्म त्या न लागलेल्या दोन हजारांहून अधिक दूरध्वनींत आहे. ज्याने खोली सोडली, ज्याचा फोन विकला गेला, जो गावी निघून गेला, तोच बहुधा सर्वाधिक होरपळलेला असतो. आणि यादीतून गळतो तोच. २००४-०५ मध्ये देशभर ४१,५५४ घरांची जी मानवविकास पाहणी झाली, तिच्या २०११-१२ च्या दुसऱ्या फेरीत शंभरांपैकी सुमारे ८३ घरे पुन्हा सापडली. हे यश मोठे आहे, पण उरलेली सतरा कोठे गेली हा प्रश्न उरतोच. सीएमआयईच्या पाहणीविषयी ज्याँ द्रेझ व अनमोल सोमंची यांनी २०२१ मध्ये आक्षेप घेतला की घरे निवडण्याच्या तिच्या रीतीमुळे अतिगरीब घरे पुरेशी येत नाहीत. गावाच्या मुख्य रस्त्यापासून घरे मोजत गेले, तर कडेच्या वस्तीपर्यंत पोचण्याआधीच नमुना पुरा होऊ शकतो. लग्न होऊन गेलेली मुलगी तर बहुतेक पाहण्यांत माहेरच्या नोंदीतून निघून जाते, आणि सासरचे घर नमुन्यात नसते. जिच्या लग्नामुळे घराला आधार लाभतो असे संशोधक सिद्ध करतात, तिचे स्वतःचे पुढे काय झाले, हे त्यांच्या वहीत राहत नाही.

आणखी एक गोष्ट सांगून हे भाषण पुरे करतो. वारंवार येणारा मनुष्य घराला ओळखीचा होतो. शिरापूर किंवा कांझऱ्याच्या ज्या शेतकऱ्याने दहा वर्षे आपल्या कर्जाचा आणि मोडलेल्या दागिन्याचा हिशेब त्या तरुणापुढे उघडा ठेवला, त्याला त्या बदल्यात काय मिळाले? त्याच्या घराच्या माहितीवर जगात ग्रंथ झाले. त्याने दाखवलेल्या विश्वासाची परतफेड करण्याचा एकच मार्ग दिसतो, आणि तो म्हणजे त्या माहितीतून निघालेला निष्कर्ष धोरणापर्यंत पोचवणे, आणि जो यादीतून गळला त्याला शोधत जाणे. सरकारनेही ह्या दिशेने पाऊल टाकले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीत शहरी कुटुंबांकडे एकदा नव्हे, चार वेळा जाण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. तेव्हाच्या त्या पद्धतीत चार भेटी म्हणजे एक वर्ष होते. घराच्या आयुष्यात एक वर्ष फार मोठे नसते. परंतु सुरुवात म्हणून ते थोडेही नाही.

जमिनीची पहाणी शतकानुशतके साल-दरसाल होत आली, कारण तिच्यापासून राज्याला घ्यायचे होते. घराची पाहणी साल-दरसाल व्हावयाची, तर राज्याला त्या घरास काही द्यावयाचे आहे, असे आधी ठरले पाहिजे. तसे ठरले, तर एकदा ठोठावलेले दार पुन्हा ठोठावण्याचे श्रम कोणासही जड वाटणार नाहीत.